पळालेल्या गाडीची साक्ष

जुन्या गाडीच्या सौद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पळाली आहे? पुण्यातली सेकंडहँड हॅचबॅक असो की कॅलिफोर्नियातल्या लिलावात उभी असलेली पोर्श, आकडा जितका लहान तितका भाव मोठा. रोजच्या वापराच्या गाडीपुरता हा हिशेब बरोबर आहे, कारण तिथे आपण गाडीचे उरलेले आयुष्य विकत घेत असतो. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी वेगासाठी बांधलेल्या गाडीला तोच हिशेब लावला की फसगत होते. अशा गाडीने कापलेले अंतर ही तिच्याविषयीची सर्वांत भरवशाची साक्ष असते. ती कुठे टिकली, कुठे झिजली आणि कारखान्यातल्या इंजिनिअरांचा कोणता अंदाज चुकला, हे त्या अंतरानेच उघड होते. ती दुरुस्त करताना काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे या साक्षीवरूनच ठरवावे. संग्राहकाच्या सोवळ्यावरून ते ठरवू नये आणि अश्वशक्तीच्या हव्यासावरून तर नाहीच नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी एकच गाडी तपासायला घेतो: १९७८ ते १९८३ या मॉडेल वर्षांतली पोर्श ९११ एससी.

हीच गाडी का, तर ती स्वतःच एका फसलेल्या प्रयोगावरची दुरुस्ती आहे. तिच्या आधीच्या २.७ लिटर इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. धातू हलका, पण उष्णतेपुढे कच्चा. सिलिंडर आणि हेड धरून ठेवणारे लांब स्टड हळूहळू क्रँककेसमधल्या आट्यांसकट उपटून यायचे. अमेरिकी बाजारासाठी प्रदूषण कमी करायला बसवलेल्या थर्मल रिअ‍ॅक्टरांनी इंजिन आणखी तापवले आणि दुखणे वाढवले. एससीमध्ये पोर्शने ९११ टर्बोच्या धर्तीची अ‍ॅल्युमिनियम क्रँककेस घेतली आणि २,९९४ घन सेंटिमीटरचे, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन बांधले. ताकद सुरुवातीला १८० अश्वशक्ती होती, ती युरोपातल्या गाड्यांत १८८ आणि पुढे २०४ पर्यंत गेली. पत्र्यावर दोन्ही बाजूंनी जस्ताचा थर देण्याची पद्धत पोर्शने १९७६ च्या मॉडेलपासूनच सुरू केली होती. गंमत म्हणजे ही गाडी तेव्हा निरोपाची गाडी समजली जात होती. कंपनीचे प्रमुख एर्न्स्ट फुरमान यांचा भरवसा पुढे व्ही-८ इंजिन असलेल्या ९२८ वर होता. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. विकासप्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीतल्या तक्त्यावर ९११ ची रेघ त्या वर्षअखेरीस थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलून ती तक्त्याबाहेर भिंतीवर ओढत नेली, हा किस्सा त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितला आहे. म्हणजे जी गाडी काही वर्षांत संपायची होती, ती आज चाळिशी ओलांडून रस्त्यावर आहे, आणि तशा कितीतरी गाड्या तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत.

आता त्या आकड्याकडे पाहू. एससीच्या मीटरमध्ये ओडोमीटर फिरवणारे एक छोटे प्लॅस्टिकचे दातेरी चाक असते. वयाने त्याला चीर जाते, काटा वेग दाखवत राहतो आणि किलोमीटर मात्र जागच्या जागी थांबतात. हा दोष इतका सर्रास आढळतो की जुन्या ९११ चा ओडोमीटर पुरावा म्हणून एकट्याने उभाच राहू शकत नाही; सोबत सर्व्हिसची बिले आणि तपासणीचे जुने कागद लागतातच. पण आकडा खरा धरला, तरी कमी पळालेली गाडी चांगली हे गृहीतक डळमळीतच राहते. इंजिन महिनोन्‌महिने बंद राहिले की आत दमटपणा साचतो, ऑइलमधली आम्ले बेअरिंगवर बसून राहतात, रबरी सील कोरडे पडून आखडतात. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते आणि कॅलिपरमधले पिस्टन गंजून अडकतात. टाकीतले पेट्रोल नासते, आणि एससीच्या बॉश के-जेट्रॉनिक प्रणालीतल्या इंधन-वितरकाला पाणी आणि चिकटा मुळीच सोसत नाही. या इंजिनाच्या कोरड्या संपच्या, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, रचनेत सुमारे १३ लिटर ऑइल फिरते. ते पुरते तापून आतली वाफ बाहेर पडायला गाडी बराच वेळ चालावी लागते. रविवारी सकाळी दूध आणायला नेलेली गाडी तेवढी तापतच नाही. उलट टोकाचे उदाहरण जगजाहीर आहे. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये घेतलेली व्हॉल्व्हो पी १८००, २०१३ मध्ये तीस लाख मैलांपर्यंत नेली, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटरच्या वर. ते काही शर्यतीचे यंत्र नव्हते, मान्य. पण नेमाने चालवलेले, वेळेवर ऑइल बदललेले आणि गरज पडली तेव्हा इंजिन खोललेले यंत्र किती जाऊ शकते, याचा तो दाखला आहे.

एससीचे इंजिन उतरवतात ते खालून, गिअरबॉक्ससकट. खरी साक्ष तिथून पुढे मिळते. इंजिन आडवे, सिलिंडर तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, त्यामुळे प्रत्येक बाजूला व्हॉल्व्हची दोन झाकणे, एक वरचे आणि एक खालचे. जाणकार मेकॅनिक आधी खालचे झाकण काढतो आणि ते हलक्या हाताने उलटे करतो. झाकणात ऑइलबरोबर एखादा नट आणि त्याच्यात अडकलेला स्टडचा तुकडा पडलेला असेल, तर पुढचे सगळे काम तिथेच ठरते. हे स्टड डिलावार नावाच्या मिश्रधातूचे. अ‍ॅल्युमिनियम तापून जितके वाढते साधारण तितकेच तेही वाढावे, म्हणजे पकड कायम राहील, हा विचार कागदावर चोख होता. एकूण २४ स्टडांपैकी एक्झॉस्टकडच्या खालच्या १२ जागी हा धातू वापरला गेला आणि वरचे १२ साध्या पोलादाचे राहिले. पण खालची बाजू म्हणजे रस्त्याचे पाणी, मीठ आणि एक्झॉस्टची धग. त्या जागी डिलावारला गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात आणि एके दिवशी, कधीकधी गॅरेजमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या गाडीतही, स्टड तुटतो. शेजारचा स्वस्त पोलादी स्टड मात्र शाबूत असतो. हा निकाल कुणा समीक्षकाने दिलेला नाही, लाखो किलोमीटरांनी दिलेला आहे. म्हणून इंजिन बांधताना खाली पुन्हा डिलावार घालणे हे कॅटलॉगशी इमान असेल, यंत्राशी नव्हे. चांगले कारागीर तिथे पोलादी स्टडच घालतात.

याच उघड्या इंजिनात दुसरी साक्ष उलट्या बाजूची मिळते. आपल्याकडे इंजिनाचे काम म्हणजे बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे, हे समीकरण डोक्यात पक्के असते. एससीच्या बऱ्याच इंजिनांत माहले कंपनीचे निकासिल सिलिंडर आहेत. आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण थर. तीन लाख किलोमीटरनंतरही हे सिलिंडर मापात निघतात, असे नेहमी घडते. त्यांना बोअर मारणे म्हणजे तो थरच खरवडून काढणे. मोजायचे, मापात असतील तर स्वच्छ करून नव्या रिंगा घालायच्या आणि गप्प बसायचे. झिजलेले असतात ते व्हॉल्व्हचे गाइड, विशेषतः एक्झॉस्टचे. ओतारी तांबे-मिश्रधातूचा तो छोटा नळीसारखा भाग सैल झाला की व्हॉल्व्ह डुगडुगतो, ऑइल खाली झिरपते आणि उतारावर पाय काढून पुन्हा दाबला की मागे निळा धूर दिसतो. तेव्हा धूर पाहून सरसकट पिस्टन-सिलिंडर बदलायला सांगणारा गॅरेजवाला या गाडीला ओळखत नाही, असे खुशाल समजावे. कुठे खर्च करायचा हे जसे झीज सांगते, तसेच कुठे करायचा नाही हेही तीच सांगते, आणि हा दुसरा भाग लोक सहसा ऐकत नाहीत.

माझ्या मते सगळ्या वादाचा कणा टायमिंग चेनच्या टेन्शनरमध्ये आहे. चेन ताणून धरणारा हा हायड्रॉलिक भाग एससीमध्ये बंद डबीसारखा होता, आपले ऑइल आपल्यापाशी ठेवणारा. आतले सील गेले की तो बसतो, चेन सैल पडून खडखडते आणि दात सोडून उडी मारली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणजे एका छोट्याशा भागापायी अख्खे इंजिन जाते. पोर्शने काय केले? एससीच्या जागी आलेल्या १९८४ च्या कॅरेरा ३.२ मध्ये टेन्शनरला इंजिनाच्या दाबाखालच्या ऑइलची स्वतंत्र नळी दिली. तो संच जुन्या इंजिनांवर चढवता येतो आणि असंख्य एससींवर तो केव्हाच चढला आहे. आता अशी गाडी मूळ म्हणायची की बदललेली? दोषाचा शोध मालकांच्या किलोमीटरांनी लावला आणि उत्तर त्याच कारखान्यातून आले. ही नळी काढून पुन्हा जुनी डबी बसवणारा माणूस इतिहास जपत नाही, इतिहासातली एक चूक जपतो. याच जातीची आणखी उदाहरणे आहेत. सुरुवातीच्या एससीत क्लच प्लेटचा मधला भाग रबराचा होता; तो फुटून तुकडे होत, म्हणून त्या जागी स्प्रिंगवाली प्लेट आली. इंजिनावरचा प्लॅस्टिकचा एअरबॉक्स थंडीत सुरू करताना उलटा भडका उडाला की फुटायचा. आज त्याला भोक पाडून कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी एक झडप चिकटवतात आणि प्रश्न मिटतो. पुढच्या उजव्या मडगार्डात दडलेला ऑइल कूलर आधी नुसता वळवलेला नळीचा वेढा होता, मग कारखान्यानेच त्याला जास्त नळ्या दिल्या आणि कॅरेरात तो रेडिएटरच्या घाटावर गेला. ब्रेकच्या पुढच्या डिस्कची जाडीही एससीतल्या २० मिलिमीटरवरून कॅरेरात २४ झाली. म्हणजे सुधारणा कुठे करायची याचा नकाशा कारखान्यानेच आखून ठेवला आहे; वाचता आला पाहिजे.

बॉडीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथला नियम साधा आहे: जस्ताने एससीला खूप वाचवले, पण सगळे वाचवले नाही. हेडलाइटच्या वाट्या, समोरच्या काचेचा खालचा काठ, बॅटरीखालचा पत्रा, दाराखालच्या पेट्या आणि दाराचे कुलूप अडकते तो खांब, इथे पाहावे. दुरुस्तीच्या वेळी वेल्डिंगने जस्त जळून जाते आणि तिथेच पुन्हा गंज धरतो. चकचकीत रंगाखाली पुटी किती आहे हे चुंबक आणि रंगाची जाडी मोजणारे यंत्र सांगते. विकणारा सांगत नाही.

आता आक्षेप. पहिला संग्राहकांचा, आणि तो हलका नाही. त्यांचे म्हणणे असे की जुनी गाडी हा दस्तऐवज आहे. प्रत्येक बोल्टवरचा शिक्का, रंगाचा थर, अगदी चुकीचा टेन्शनरसुद्धा त्या काळाचे ज्ञान जपतो. सगळ्यांनीच सुधारणा केल्या तर १९७८ ची गाडी खरी कशी होती हे उद्या कुणाला कळणार नाही. हे मला मान्य आहे, पण मोजक्या गाड्यांपुरते. ज्या गाडीने शर्यत जिंकली, जी एखाद्या मॉडेलची पहिली, किंवा जी योगायोगाने कारखान्यातून निघाली तशीच राहिली, तिला हात लावू नये; ती संग्रहालयाची. पण एससी पन्नास हजारांहून अधिक बांधल्या गेल्या. त्यातली तीन लाख किलोमीटर झालेली, दोनदा रंगवलेली, तीन मालकांच्या हातून गेलेली गाडी दस्तऐवज म्हणून केव्हाच निकामी झाली आहे. तिचे एकच मोल उरले आहे, ते म्हणजे ती चालते कशी. शिवाय संग्राहकांच्या युक्तिवादामागे बहुधा बाजारभाव उभा असतो आणि त्याला इतिहासाचा अंगरखा चढवलेला असतो. त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग मी असा घेतो: काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा, कापाकापी शक्यतो टाळावी, आणि काय बदलले त्याची वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावी. स्टड आणि टेन्शनर परत बदलता येतात. रुंद टायर बसवण्यासाठी कापलेले मडगार्ड परत येत नाही.

दुसरा आक्षेप नेमका विरुद्ध दिशेने येतो. सुधारायचीच आहे तर अर्ध्यावर का थांबायचे? रॉब डिकिन्सन यांच्या सिंगर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ९६४ पिढीच्या ९११ घेऊन त्या कार्बन फायबरच्या अंगात, मोठ्या इंजिनासह अशा नव्याने घडवल्या की लोक थक्क झाले. कारागिरीला माझा सलाम आहे. पण ती जुन्या गाडीची दुरुस्ती नव्हे, जुन्या गाडीच्या साच्यातून केलेली नवी निर्मिती आहे, आणि तिची किंमतही तशीच. सामान्य मालक तिची नक्कल करू जातो तेव्हा काय होते ते पाहा. एससीच्या क्रँकवर ९८ मिलिमीटरचे पिस्टन घातले की ३.२ लिटर होतात. दाबाचे प्रमाण वाढवले की दर सिलिंडरला दोन प्लगची गरज पडू लागते. मग के-जेट्रॉनिक काढून कार्ब्युरेटर किंवा संगणकाचे इंजेक्शन, मग जास्त उष्णतेसाठी मोठा कूलर, मग ब्रेक, मग ९१५ गिअरबॉक्सचे सिंक्रो कुरकुरू लागले म्हणून पुढचा जी ५०, आणि तो बसवायला मागचा भाग कापणे. एकही पायरी झिजेने मागितलेली नसते. प्रत्येक पायरी फक्त आधीच्या पायरीने मागितलेली असते. सुमारे ११६० किलोच्या गाडीला २०४ अश्वशक्ती आजही पुरते. तिच्यात हरवलेली चपळाई बहुतेक वेळा इंजिनात नसतेच, ती टॉर्शन बारच्या बुशांत असते, जिथे चाळीस वर्षांचे रबर दगड झालेले असते, आणि आतून फुगलेल्या ब्रेकच्या नळ्यांत असते. ते बदलून, चाकांचे कोन आणि चार कोपऱ्यांचे वजन नीट बसवून गाडी चालवावी. त्यानंतरही अश्वशक्ती हवीशी वाटली तर खुशाल बोलावे.

खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोंडस उत्तर नाही. अशा इंजिनाचे पूर्ण काम एखाद्या चांगल्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीला जाते, आणि ते पैसे विक्रीत परत मिळतीलच असे नाही. म्हणून आधी लीक-डाउन चाचणी घ्यावी: सिलिंडरात दाबाने हवा भरून किती टक्के आणि कुठून सुटते ते ऐकायचे. फुसफुस एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या टाकीतून आली तर रिंगा. तेवढ्यावरून निम्मी बिले टळतात. सुरक्षिततेबद्दल मात्र मी हातचे राखणार नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि वळणात मध्येच घाबरून पाय काढला तर मागचे जड टोक बाहेर फिरू शकते. कुठल्याही सुधारणेने ती आजच्या गाडीइतकी सुरक्षित होत नाही. चालवणाऱ्याने हे समजून चालवावे. धुराबाबतही ती आजच्या मापात बसत नाही, पण वर्षाला दोन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या, बांधून झालेल्या यंत्राची तुलना नवी गाडी घडवायला लागणाऱ्या पोलाद आणि वीज यांच्याशीही करावी. इंधनाच्या बाजूने तर सुधारणा सक्तीचीच झाली आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल १० टक्के इथेनॉलचे झाले आणि जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे सुपर उरले. आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉल आले आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, आणि इथेनॉल पाणी ओढते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या तापलेल्या पत्र्याजवळ गळणारी पेट्रोलची नळी म्हणजे थेट आग. इथे मूळ नळी जपायचा हट्ट धरणाऱ्याशी वाद घालण्यातही अर्थ नाही.

हा सगळा वाद जर्मनीने एका नियमात बऱ्यापैकी मिटवला आहे. तिथे ३० वर्षे झालेल्या, नीट राखलेल्या गाडीला नंबरपाटीवर एच हे अक्षर मिळते. ही सोय १९९७ पासून आहे. तपासनीस मूळ भाग पाहतो, पण गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत रूढ असलेले बदल त्याला चालतात. म्हणजे १९७८ च्या एससीवर १९८४ चा टेन्शनर किंवा कॅरेराचा ऑइल कूलर असला तरी गाडी ऐतिहासिकच. काळ हे प्रमाण मानले आहे, पावित्र्य नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांची तरतूद आली. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठी उलथापालथ न झालेली गाडी विंटेज ठरते, तिला व्हीए मालिकेतला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि ती नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच आणता येते. तरतूद आली हे चांगलेच झाले. पण चाललेली गाडी इंजिन खोलल्याशिवाय पन्नाशी गाठत नाही, आणि मूळ स्वरूप म्हणजे नेमके काय याचे माप या तरतुदीत नाही. मुंबई-पुण्यात आज काळजीने राखलेल्या प्रीमियर पद्मिनी आणि कॉन्टेसांचा प्रश्न उद्या हाच असणार आहे. तेव्हा परिवहन मंत्रालयाने जर्मनीचा दहा वर्षांचा निकष उचलावा आणि त्या काळातले, त्या जातीच्या गाडीला लागू असलेले बदल मूळ स्वरूपात धरावेत. आणि ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांनी तोवर कामाची बिले, काढलेले भाग आणि बदलांची वही जपून ठेवावी. नियम बदलला तरी कागद मागितला जाणारच आहे.